सुकेळीचे शनिवार

दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले की आमच्या वसई तालुक्यात आगाशीहून नंदाखालकडे येताना एके सकाळी बसच्या खिडकीतून पिकल्या राजेळी केळ्यांचा वास आत येतो. गोड, जड आणि किंचित आंबूस. बसमधली माणसं मोबाईलमध्ये मान घालून बसलेली असतात, कुणाच्या लक्षातही येत नाही. मला मात्र तो लगेच कळतो. माझं सगळं आयुष्य या केळीच्या वाड्यांमध्ये गेलं, लहानपणी याच वासामागे मी चपला टाकून धावत सुटायचे. आता वास आला की मी खिडकी लावून घेते. कंडक्टरला वाटतं, बाईंना गारठा बाधतो.

सुकेळी म्हणजे काय हे बाहेरच्यांना समजावून सांगताना माझा पारा चढतो. लोकांना वाटतं, वेफर. अहो, वेफर कसले! राजेळीचं लोंगर, म्हणजे अख्खा घड, झाडावरून उतरवून उबेत पिकवायचं, केळी सोलायची आणि चटईवर उन्हात मांडायची. संध्याकाळी गोळा करून टोपलीत झाकायची, सकाळी पुन्हा मांडायची. असं करत करत ती आकसत जातात, पिवळ्याची तांबूस आणि तांबूसची गडद होतात. शेवटी बोटाएवढं, मऊ, चिकट असं जे उरतं, त्याला सुकेळी म्हणायचं. मग ती केळीच्याच वाळक्या पानात बांधून ठेवायची. पाऊस संपून कोरडा वारा सुटला की हा हंगाम सुरू होतो. आमच्या शाळेचे शनिवारही तेव्हाच सुरू होतात.

ते शनिवार कसे सुरू झाले ते सांगायला हवं. आमचे तेव्हाचे मुख्याध्यापक म्हणजे भाषणाची भारी हौस असलेला माणूस. पालकांच्या सभेत एकदा म्हणाले, "आपल्या मुलांना पायथागोरस येतो, पण बँकेतली स्लिप भरता येत नाही. प्रमेय सिद्ध करतात आणि भात लावायला सांगितला की आईच्या तोंडाकडे बघतात." मी गणिताची शिक्षिका. पायथागोरसला नावं ठेवलेली मला आवडली नाहीत, पण म्हणणं खोटं नव्हतं. मग शाळा, गावची मंडळी आणि चर्चमधल्या बायका एकत्र बसल्या आणि ठरलं, की नववीच्या प्रत्येक मुलाने हिवाळाभर दर शनिवारी शाळा सुटल्यावर गावातल्या एका घरी किंवा दुकानी जायचं आणि तिथलं काम शिकायचं. कुणी बेकरीत, कुणी पोस्टात, कुणी दवाखान्यात, कुणी वायरमनच्या मागे, कुणी वाडीत. मुलगेही स्वयंपाकघरात जाणार, हे तर बायकांनी टेबलावर हात आपटून मंजूर करून घेतलं. मोठं होणं ही काही आपोआप येणारी गोष्ट नाही, ती शिकवावी लागते, असं आम्ही सगळे तेव्हा मोठ्या खात्रीने बोलायचो.

सुरुवातीला पालक कुरकुरले. "शाळेत घातलं ते काय केळी सोलायला?" असं एक गृहस्थ मला रस्त्यात अडवून म्हणाले. पुढे त्यांचाच मुलगा घरी येऊन आईला म्हणाला, तू बस, चहा मी करतो. तेव्हापासून ते गृहस्थ मला लांबूनच नमस्कार करतात.

काजल आमच्या शाळेत आठवीत आली. आगाशीच्या रस्त्यावरच्या एका चाळीत ते भाड्याने राहायचे. वडील, गोरखभाऊ, मूळचे बीडकडचे, वसई पूर्वेला प्लास्टिकच्या बादल्या बनवणाऱ्या एका गाळ्यात कामाला. आई वाड्यांमध्ये फुलं खुडायला जायची. पाठची एक बहीण, खुशी, आणि तिच्या पाठचा भाऊ, सोनू. काजल काटकुळी होती, वेण्या नेहमी एक वर एक खाली, आणि गणित असं करायची की मी फळ्यावर उदाहरण लिहून वळेपर्यंत तिचं उत्तर तयार. वर हळूच म्हणायची, "मॅडम, तुमच्या तिसऱ्या ओळीत चिन्ह चुकलंय." एकदा मी वर्गात सगळ्यांना विचारलं, कोण काय होणार. ती म्हणाली, "मी गणिताची टीचर होणार. तुमच्यासारखी, पण कमी ओरडणारी." वर्ग खदखदून हसला. मीही हसले, कारण बोलणं अगदी खरं होतं.

नववीत शनिवारची घरं वाटली तेव्हा तिच्या वाट्याला कातरीनमावशींची वाडी आली. मावशी साठी ओलांडलेल्या, नवरा गेलेला, दोन्ही मुलगे कॅनडात. एवढी वाडी, एवढं घर आणि त्यात एकटी बाई. घरात त्या आपल्या गावच्या बोलीत कुत्र्याशी आणि केळींशी बोलायच्या, आमच्याशी मात्र मराठीत.

काजल माझ्याकडे रडत आली होती. "मॅडम, मला पोस्टात टाका ना. केळी काय सोलायची? सगळं चिपचिप होतं."

मी म्हटलं, "एक शनिवार जा. मग बघू."

तिला सोडायला मीच गेले. मावशींनी तिचा हात हातात घेतला, उलटापालटा केला आणि म्हणाल्या, "नखं कापून ये गो पोरी. नख लागलं का केळं काळं पडतं. आनि रडायचं असेल तर आताच रड, केळ्यांपाशी रडू नको. मुंग्या येतात."

काजल रडता रडता हसली. पुढच्या शनिवारी नखं कापून गेली, आणि मग पोस्टाचं नाव तिने काढलं नाही.

मी मधूनमधून डोकवायची. हिवाळ्यातली ती दुपार मला अजून अंगावर जाणवते. वर कोवळं ऊन, खाली ओल्या मातीचा गारवा, पाटातून चाललेलं पाणी, आणि चटयांवर ओळीने मांडलेली केळी. मावशींच्या अंगणाला माडांची रांग होती. त्यांची सावली सरकत सरकत चटयांवर यायची आणि दुपारभर चटया उचलून इकडच्या तिकडे कराव्या लागायच्या. काजलने दोन शनिवार नुसतं बघितलं. तिसऱ्या शनिवारी काठीने मातीत रेघा मारल्या, कोन काढले आणि सगळ्या चटया तिरप्या मांडल्या. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत एकही चटई हलवावी लागली नाही. मावशी मला फाटकापर्यंत सोडायला आल्या आणि म्हणाल्या, "टीचर, ही पोर डोकं घेऊन आली हाय. हिला खूप शिकवा हां." मला इतका आनंद झाला, की मी घरी जाऊन साबुदाण्याची खिचडी केली. मला आनंद झाला की मी खिचडी करते.

मावशींनी तिला केळ्यांपुरतं ठेवलं नाही. भात लावायला शिकवलं, मासळी निवडायला, घासाघीस करायला, आजारी माणसाची पेज करायला, पाहुणा आला तर हातातलं काम न टाकता त्याला बसवायला. काजल घरी जाऊन ते सगळं करत असणार, कारण तिच्या आईला तेव्हा पोटाचं दुखणं लागलं होतं. फुलं खुडायला जाणं बंद झालं होतं. काजल शाळेत त्याबद्दल चकार शब्द बोलत नसे. मी विचारलं तर म्हणायची, "बरी आहे आता, मॅडम." मोठ्या माणसांसारखं उत्तर द्यायला ती शिकली होती आणि आम्हाला त्याचं कौतुक वाटत होतं.

जानेवारीत शनिवारांचा समारोप व्हायचा. शाळेच्या पटांगणात मुलं, पालक, गावकरी. तिथली पद्धत अशी, की ज्याने मुलाला शिकवलं त्याने उभं राहून सगळ्यांसमोर त्या मुलाची साक्ष द्यायची. साक्ष हा शब्द चर्चमधून आलेला, पण हिंदू घरांनीही तो आपला केला होता. हे मूल आता काय एकट्याने करू शकतं, एवढंच सांगायचं. बेकरीवाला म्हणाला, हा भट्टी सांभाळू शकतो. वायरमन म्हणाला, हा फ्यूज बदलतो आणि आधी मेन स्विच बंद करतो. लोक हसले, टाळ्या वाजल्या. मग कातरीनमावशी उठल्या. त्यांना भाषणाची सवय नाही, पदर दोनदा सारखा केला. म्हणाल्या, "माज्या पोरांना मी एवढं शिकवलं नाय, जेवढं हिला शिकवलं. हिच्या हातात घर दिलं तर घर उभं राहील. आजपासून ती पोर नाय, बाई हाय."

त्या दिवशी सगळ्यात जास्त टाळ्या काजलला पडल्या. गोरखभाऊ अर्धी पाळी बुडवून आले होते. मागच्या रांगेत उभे राहून ते रुमालाने डोळे टिपत होते. आई येऊ शकली नव्हती. काजल माझ्याकडे बघून हसली, एक वेणी वर, एक खाली. माझ्या नोकरीतल्या सुखाच्या दिवसांमध्ये मी तो दिवस तेव्हा धरला होता.

मार्चमध्ये तिची आई गेली. दिवस झाल्यावर काजल वार्षिक परीक्षेला आली, पेपर लिहिले, गणितात पहिली आली. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला तेव्हा ती म्हणाली, "मॅडम, दहावीचं पुस्तक आत्ताच द्या ना, सुट्टीत बघते." मी दिलं. जूनमध्ये शाळा उघडली. दहावीच्या वर्गात मी हजेरी घेतली, तिच्या नावाला कुणी ओ दिली नाही. शेजारची मुलगी म्हणाली, ते लोक खोली सोडून विरार पूर्वेला फुलपाड्याला गेले.

कातरीनमावशी आणि मी मिळून गेलो. मावशी विरारला पूर्वेकडे आयुष्यात कधी गेल्या नव्हत्या. लग्नाला नेसायचं ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या. गल्लीत विचारत विचारत घर सापडलं. एक खोली. भांडी घासून उपडी घातलेली, अंथरुणांच्या घड्या, दोरीवर धुतलेले छोटे कपडे. खुशी आणि सोनू पावडर लावून, भांग पाडून बसलेले. स्टोव्हवर भात शिजत होता. काजल पुढे आली, आम्हाला बसवलं आणि हातातलं काम न टाकता पाणी दिलं. एवढ्या दिवसांत तिने केस कापून टाकले होते. वेण्या घालायला वेळ कुठे, म्हणाली.

गोरखभाऊ रात्रपाळी करून आलेले, डोळे लाल. मी सुरुवात केली, की हुशार मुलगी आहे, असं मध्येच शाळेतून काढू नका. ते शांतपणे ऐकत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, मी काय वाईट बाप नाही. पण मी कामावर गेल्यावर ही दोन लेकरं कोनाच्या भरवशावर टाकू? आन मावशीच तर बोलल्या सगळ्यांपुढं, ही आता पोर नाही, बाई हाय म्हणून. मी तर तिला पोरच समजत होतो."

मावशींच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं मी बघितलं. मग त्या पुढे सरकून बसल्या आणि त्या भल्या बाईने, जी दर रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसून मिस्सा ऐकते, धडधडीत खोटं बोलायला सुरुवात केली. "भाऊ, मी बोलले ते असंच. सभेत बोलायचं म्हनून बोलले. तिला काय येत नाय. भात करपवते. मासळी निवडायला दिली तर अर्धी मांजराला. तिच्यावर घर टाकू नका, बुडवेल ती."

स्टोव्हवरून भाताचा वास येत होता, दाणा न् दाणा मोकळा झालेल्या भाताचा. काजल खाली मान घालून चहा गाळत होती. तिने कप दिले. मावशींनी एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "बघा, साखर जास्त टाकली." साखर अगदी बरोबर होती.

मग त्या म्हणाल्या, लहानांना माझ्याकडे पाठवा, माझं घर रिकामंच आहे. गोरखभाऊ हात जोडून म्हणाले, "आई गेली तरी लेकरं दुसऱ्याच्या दारात नाही ठेवणार." त्यांच्या जागी मी असते तर काय बोलले असते, मला अजूनही ठरवता येत नाही. निघताना मावशी काजलला कवेत घेऊन तिच्या कानात काहीतरी बोलल्या, गावच्या बोलीत. काजलला ती बोली एव्हाना कळत होती. तिने मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून, ते मला दिसलं नाही.

आम्ही हार मानली नव्हती. बाहेरून परीक्षा देण्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म भरला. मी रविवारी जायची, ती कणीक मळता मळता समीकरणं तोंडी सोडवायची. परीक्षा आली. पहिल्याच पेपरच्या सकाळी सोनू तापाने फणफणला. वडील पाळीवर होते. तिने त्याला कडेवर घेतलं आणि दवाखाना गाठला. दुसऱ्या पेपरला मी तिला न्यायला गेले, तर म्हणाली, "राहू दे ना, मॅडम. आता कसं जाऊ?" पुढच्या वर्षी मी फॉर्मचा विषय काढला, तेव्हा ती हसली आणि म्हणाली, आधी चहा घ्या. त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

योजना चुकीची होती का? मला हा प्रश्न लोक विचारत नाहीत, मीच स्वतःला विचारते, बहुधा भाजी निवडताना. बेकरीत गेलेल्या मुलाची आज स्वतःची बेकरी आहे. दवाखान्यात गेलेली मुलगी नर्स झाली. पन्नास घरांचं भलं झालं असेल. पण त्या पन्नासांची बेरीज करून त्यातून एक काजल वजा करायची, आणि उरलं ते पुष्कळ आहे म्हणायचं, हे गणित मला येत नाही. इतकी वर्षं हाच विषय शिकवते, तरी येत नाही. आम्ही मुलीला मोठं व्हायला शिकवलं आणि ती इतकी चांगली शिकली, की मोठेपण दारात आल्यावर तिने त्याला आत घेतलं, बसवलं आणि पाणी दिलं. मला तिचा अभिमान वाटतो आणि तो कुणाला सांगता येत नाही.

मावशी अजून दर हिवाळ्यात एक मूल घेतात. साक्षीला मात्र उभ्या राहिल्या की एवढंच म्हणतात, "बरी हाय. अजून लहान हाय." मूल हिरमुसतं, पालकांना वाईट वाटतं. मावशींना काही वाटत नाही.

गेल्या जूनमध्ये शाळेच्या ऑफिसबाहेर कुणीतरी मला वाकून नमस्कार केला. मी ओळखलं नाही. मग ती हसली. काजल आता अंगाने भरली आहे, डोळ्यांखाली काळं. गाळ्यांमधल्या कामगारांना जेवणाचे डबे करून देते. शेजारी नव्या दप्तराची मुलगी उभी होती, खुशी. नववीत घालायला आणली होती. फुलपाड्याहून पूल ओलांडून पश्चिमेला यायचं आणि मग आगाशीची बस, एवढी यातायात कशाला, असं मी विचारलं.

"शाळा चांगली आहे, मॅडम," ती म्हणाली. "मला दुसरी कुठली माहीत पण नाही." मग बहिणीला पाणी प्यायला पिटाळलं आणि माझ्या जवळ आली. "फक्त शनिवार नको. हिला कुणाच्या घरी पाठवू नका. हिला काहीच येत नाही, मॅडम. चहासुद्धा नाही. मी गॅसला हात लावू देत नाही." हे सांगताना तिचा चेहरा असा उजळला होता, जसा लोकांचा मुलांचे मार्क सांगताना उजळतो.

मी म्हटलं, "नाही पाठवणार."

"प्रॉमिस?"

"प्रॉमिस."

म्हणून यंदा दर शनिवारी सगळी नववी गावात पांगली, की खुशी आणि मी वर्गात दोघीच उरतो. ती गणितं सोडवते, मी वह्या तपासते. गणितात तिची बरी गती आहे, बहिणीसारखी नाही. कातरीनमावशींच्या कानावर गेलंच. त्यांनी मला रस्त्यात गाठलं, "काजलची भैन आली म्हनतात. माज्याकडं पाठव ना गो." मी कारण सांगितलं. त्या हातातली छत्री मिटत म्हणाल्या, "नको पाठवू. बरोबर बोलते ती." दुसऱ्या दिवशी पानात बांधलेली सुकेळी शाळेत पोचती केली.

काल शनिवार होता. मी ती पुडी खुशीपुढे ठेवली. तिने दोन्ही हातांनी खायला घेतली, बोटं चाटली, वहीला डाग पाडले. मी ओरडले नाही. खाता खाता तिने विचारलं, "मॅडम, तुम्ही ताईला पण शिकवायचात ना?"

"हो."

"ती ढ होती ना खूप? तीच सांगते. म्हणते, मला काही जमायचं नाही, नापास झाले असते, म्हणून मीच शाळा सोडली. तू माझ्यासारखी होऊ नको." खुशीने बोट पुसलं आणि माझ्याकडे बघितलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. "खरंच ढ होती?"

तिच्या डोळ्यांत कसलंही ओझं नव्हतं. एवढ्या वर्षांत काजलने तिथे ते येऊ दिलं नव्हतं. मी लाल पेनाचं टोपण लावलं.

"हो ग," मी म्हटलं. "गणितात तर फारच."